यंत्राची साक्ष

खोटी साक्ष देण्यास आठवी आज्ञा मनाई करते. ती माणसाला उद्देशून आहे, कारण साक्ष देणे ही माणसाची कृती होय. साक्षीदार डोळ्यांनी पाहतो, शपथ घेतो, उलटतपासणीस सामोरा जातो आणि खोटा ठरला तर शिक्षाही भोगतो. गेल्या काही दशकांत मात्र व्यापारउदिमात असा एक साक्षीदार येऊन बसला आहे, ज्याला शपथ नाही आणि शिक्षेचे भयही नाही. ‘संगणक खोटे बोलत नाही’ हे वाक्य आता बँकेत, दुकानात, कारखान्यात सर्रास ऐकू येते. या वाक्याचे नैतिक मोल किती, हे पाहण्यासाठी आम्ही इंग्लंडातील एक प्रकरण वाचकांपुढे ठेवू इच्छितो.

ब्रिटनमधील सरकारी मालकीच्या ‘पोस्ट ऑफिस’ या संस्थेने १९९९ पासून आपल्या शाखांमध्ये ‘होरायझन’ ही संगणकीय हिशेबपद्धती आणली. तेथील गावोगावचे उपडाकपाल हे पगारी नोकर नव्हेत. करारावर शाखा चालवणारी आणि बहुधा त्याच जागेत छोटेसे दुकान थाटलेली ही साधी माणसे. पूर्वी हिशेब कागदावर असे. ताळा जमला नाही तर रात्री दिवा लावून एकेक पावती चाळायची आणि चुकलेला आकडा शोधून काढायचा. नव्या पद्धतीत तूट किती ते पडद्यावर दिसे, ती कोठून आली ते दिसत नसे. करारानुसार ती भरून देणे भाग होते. कोणी बचत मोडली, कोणी घर गहाण टाकले. मदतीसाठी दूरध्वनी केला तर ‘अशी तक्रार दुसऱ्या कोणाचीच नाही’ असे उत्तर अनेकांना मिळाले. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक जण चोरी, अफरातफर वा खोटे हिशेब यांसाठी दोषी ठरले. त्यांपैकी सुमारे ७०० खटले पोस्ट ऑफिसने स्वतःच चालवले होते. फिर्यादी तोच, तपासनीसही तोच!

सरे परगण्यातील भारतीय वंशाच्या उपडाकपाल सीमा मिश्रा यांना २०१० साली पंधरा महिन्यांची सजा झाली, तेव्हा त्या गरोदर होत्या. त्यांना दोषी ठरवणारे ज्यूरीतील बारा जण दुष्ट होते असे आम्हांला मुळीच वाटत नाही. पूर्वी इंग्लंडात संगणकाची नोंद पुरावा म्हणून मांडायची तर यंत्र नीट चालत होते हे दाखवावे लागे. १९८४ च्या कायद्यातील ही अट १९९९ च्या कायद्याने काढून टाकली. यंत्र बरोबर आहे असे आता गृहीत धरले गेले. ते चुकले हे सिद्ध करण्याचा भार, ज्यांना त्याच्या आत डोकावण्याची मुभाच नव्हती, त्यांच्यावर येऊन पडला.

येथे संत ऑगस्टीन यांचा एक भेद उपयोगी पडतो. असत्य बोलणे आणि खोटे बोलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे ते म्हणतात. फसवण्याचा हेतू असेल तरच ते खोटे. मग संगणक खोटे बोलत नाही हे अक्षरशः खरे आहे, कारण त्याला हेतूच नाही! परंतु म्हणून तो सांगतो ते सत्य, असे मुळीच ठरत नाही. खोटे न बोलताही तो अखंड असत्य सांगू शकतो, आणि त्याचा स्वर कधी कापत नाही. खोटेपणा शिरतो तो त्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसांत. शाखेच्या हिशेबात बाहेरून कोणालाही फेरफार करता येत नाही, असे पोस्ट ऑफिस वर्षानुवर्षे सांगत राहिले. यंत्रणा बनवणाऱ्या ‘फुजित्सू’ कंपनीच्या कर्मचाऱ्यांना तो करता येत होता.

दानिएलच्या ग्रंथातील सुसान्नेची कथा वाचकांना ठाऊक आहेच. दोन वडीलधाऱ्यांनी तिच्यावर आळ घेतला आणि लोकांनी तो मानला, कारण ते प्रतिष्ठित होते, न्यायाधीश होते. कोवळ्या दानिएलने त्या दोघांना वेगळे करून एकच प्रश्न विचारला : कोणत्या झाडाखाली? दोघांची झाडे निराळी निघाली. उपडाकपालांना हाच प्रश्न विचारावयाचा होता. कोणती नोंद, कोणत्या दिवशी, कोणाच्या हातची? आणि कागद गेल्यामुळे दुसरा साक्षीदारही उरला नव्हता.

ॲलन बेट्स या वेल्समधील माजी उपडाकपालाने चिकाटी सोडली नाही. त्यांच्यासह ५५५ जणांच्या दाव्यात, २०१९ साली, यंत्रणेत दोष होते असे उच्च न्यायालयाने ठरवले. २०२१ मध्ये ३९ जणांची शिक्षा रद्द झाली; मिश्रा त्यांच्यातच होत्या. २०२४ मध्ये पार्लमेंटने कायदा करून शेकडो जणांना एकदम दोषमुक्त केले. चौकशीच्या २०२५ मधील अहवालाने किमान तेरा जणांच्या आत्महत्येचा संबंध या प्रकरणाशी असण्याची शक्यता नोंदवली आहे. त्यांना कायदा काय परत देणार?

यावरून आम्ही यंत्राविरुद्ध आहोत असा ग्रह कोणी करून घेऊ नये. कागदी वह्यांतही लबाडी भरपूर होती, आणि सावकाराच्या वहीने किती घरे बुडवली हे आपल्याकडच्या जुन्या माणसांना कोणी सांगायला नको. तंत्रज्ञान माणसाचे साहाय्यक आहे, मात्र ते त्याचे वैरीही होऊ शकते, असे पोपमहोदय जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या श्रमविषयक विश्वपत्रात म्हटले होते. ते कशावर अवलंबून असते? आमच्या मते, नफा ज्याच्या खिशात जातो, यंत्राच्या चुकीचा भार तो उचलतो की नाही यावर.

आपल्याही धर्मग्रामांत दुकानदार आहेत, पतपेढ्यांचे संचालक आहेत, आणि त्यांच्या गल्ल्यावर बसणारी आपलीच मुलेमुली आहेत. रात्री संगणकाचे बिल आणि गल्ल्यातील रोकड जुळली नाही की ‘पगारातून कापा’ हा निर्णय अर्ध्या मिनिटात होतो. गिऱ्हाईक म्हणते ‘फोनवरून पैसे गेले’, दुकानातला ध्वनिपेटारा गप्प असतो; आणि चार माणसांदेखत कोणीतरी लबाड ठरते. अशा वेळी त्या मुलीला त्या दिवसाच्या सर्व नोंदी पाहू द्याव्यात, दोष दिसेपर्यंत तूट मालकाने आपल्या नावे लिहावी, इतके तरी न्यायाला धरून नाही काय? व्यापारी बंधू म्हणतील, मग कोणीही हात मारील. होय, क्वचित एखादा मारीलही. ते नुकसान मालकाने सोसावे.