तिच्या वतीनं खाडा मागायचा होता

दार लाव आणि समोर उभा राहा.

आज सकाळी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर त्या घोडीला मी चालताना पाहिलं. पुढचा डावा पाय टेकला की डोकं वर, उजवा टेकला की खाली. सईसाला विचारलं, तर मान खाली घालून म्हणाला, "डॉक्टरसाहेबांनी सुई दिली होती, परवापर्यंत सरळ चालत होती." खुराच्या वरच्या सांध्यावर हात ठेवला. उजव्यापेक्षा चांगलाच गरम. तू ठेवला होतास हात? ठेवूनही सुई टोचली असशील तर तो गुन्हा. न ठेवताच टोचली असशील तर त्याहून मोठा.

आणि वर मला हिशोब सांगतोस! शर्यतीला अजून दिवस आहेत, तोवर फिनाइलब्युटाझोन लघवीवाटे निघून जाईल म्हणे. अरे, तू प्रयोगशाळेचा हिशोब केलास, हाडाचा केलाच नाहीस. औषध सूज उतरवतं, वेदना दाबतं. नळीच्या हाडाला गेलेली केसाएवढी चीर ते सांधत नाही. 450-500 किलोचं जनावर ताशी 60 किलोमीटरनं धावतं, तेव्हा एका क्षणी सगळा भार एकाच पायावर येतो, तोही वजनाच्या दुपटीहून जास्त. दुखत असलं की घोडी आपणहून तो पाय राखते. तिचं ते राखणंच तू काढून घेतलंस आणि पहाटेच्या सरावाला तिला पळू दिलंस. हाड मोडायला शर्यतच लागते असं नाही. पाठीवर कुणाचा तरी पोरगा बसलेला असतो. तो पडला तर मागून येणारे घोडे आवरत नाहीत.

ट्रेनर म्हणाले, मालकांची घाई होती, हे मला सांगू नकोस. सिरिंज तुझ्या हातात होती. नोंदवहीचं पान कोरं का? मात्रा किती दिलीस ते तुला आत्ता आठवून सांगावं लागतंय! याच औषधानं घोड्याच्या जठरात व्रण पडतात, आतड्याला सूज येते, मूत्रपिंड दुखावतं, हे परीक्षेत तू पानभर लिहिलं होतंस.

तुझे आजोबा लालबागला गिरणीत होते, तूच सांगितलंस. पाठ धरली तरी साच्यावर उभे राहायचे, दुखणं अंगावर काढायचे. पण अगदीच निभेना तेव्हा खाडा करायला त्यांना तोंड होतं, पगार कापला गेला तरी. या घोडीला खाडा मागता येत नाही. तिच्या वतीनं तो मागावा म्हणून तर तुला शिकवलं!

शर्यतीच्या वेळी औषध अंगात नको, या नियमाचा तुला जाच वाटतो. 1968 साली केंटकी डर्बी जिंकलेल्या डान्सर्स इमेजच्या नमुन्यात हेच औषध सापडलं आणि त्याचं पहिलं बक्षीस काढून घेतलं गेलं. त्यातून तू एवढंच शिकलास की नमुन्यात सापडायचं नाही. लंगडं जनावर मैदानात उतरू नये म्हणून तो नियम आहे. नमुना साफ आला म्हणजे पाय बरा झाला, असं कुठल्या पुस्तकात वाचलंस?

वेदनाशामक म्हणून हलक्यात घेऊ नकोस. डायक्लोफेनॅकही साधं वेदनाशामकच होतं. गुरांना सर्रास टोचलं, ती मेल्यावर गिधाडांनी खाल्ली आणि गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली. 2006 साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली तोवर बहुतेक गिधाडं संपली होती. पारशी आपले मृतदेह गिधाडांसाठी ठेवत आले ती मलबार हिलची डुंगरवाडी रेसकोर्सपासून किती लांब आहे? आज तिथं आभाळाकडे बघ एकदा.

मी औषधाच्या विरोधात नाही. आधी एक्स-रे काढून, घोडीला ठाणावर आराम देऊन हेच औषध दिलं असतंस, तर मीच तुझी पाठ थोपटली असती.

उद्या पहाटे साडेपाचला तबेल्यात ये, एक्स-रेची सोय करून. उद्या काही दिसलं नाही तर दोन आठवड्यांनी पुन्हा काढायचा. ताजी चीर सुरुवातीला दिसत नाही. नोंदवहीत औषध, मात्रा, तारीख, वेळ आणि खाली तुझी सही. मग माझ्यासमोर ट्रेनरना सांगायचं, ही घोडी या शर्यतीत उतरणार नाही. ते चिडतील. चिडू देत.