दुर्मिळतेचे मोल

वस्तू दुर्मिळ झाली की ती मोलाची होते, हे आपण इतक्या सहजपणे गृहीत धरतो की या दोहोंमधला सांधा तपासून पाहण्याचे कष्ट फारसे कोणी घेत नाही. अमेरिकेत ‘मसल कार’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या मोटारींच्या बाजारात हा सांधा उघडा पडलेला दिसतो, म्हणून आम्ही आज त्या बाजाराकडे वळत आहो. विषय थोडा आडवळणाचा आहे, हे मान्य.

मध्यम आकाराच्या, सामान्य कुटुंबाला परवडणाऱ्या गाडीत अवाढव्य इंजिन बसवायचे, एवढीच या गाड्यांमागची कल्पना. १९६४ च्या पाँटिॲक जीटीओपासून तिची लाट आली असे साधारणतः मानतात. पुढील सात-आठ वर्षांत अशा गाड्या लाखांनी खपल्या. मग त्यांतल्या काहीच दुर्मिळ का? उत्तर गमतीचे आहे. पुष्कळ वेळा त्या कोणाला नको होत्या म्हणून!

१९७१ साली प्लिमथ कंपनीची ‘कुडा’ ही गाडी उघड्या टपाची आणि ‘हेमी’ इंजिनासह घ्यायची, तर एकट्या इंजिनासाठी ८०० डॉलरांहून अधिक रक्कम वर मोजावी लागे. विमा कंपन्या तरुण चालकांकडून जबर हप्ते मागत. ज्याला शर्यतीचा नाद, तो हलकी आणि ताठ अशी टपबंद गाडी घेई. ज्याला वाऱ्यावर फिरायचे, त्याला एवढ्या इंजिनाचे काम नसे. परिणामी अशा गाड्या केवळ ११ बांधल्या गेल्या. त्यांतली एक २०१४ साली लिलावात ३५ लक्ष डॉलरांना गेली. १९६९ च्या शेव्हरोले कॅमारो ‘झेडएल-१’ची कथा याहून बोलकी. संपूर्ण ॲल्युमिनियमचे इंजिन असलेल्या या गाड्या ६९ निघाल्या. इलिनॉयमधील एका विक्रेत्याने ५० मागविल्या खऱ्या; पण किंमत साध्या कॅमारोच्या दुपटीहून अधिक, ७००० डॉलरांच्या वर गेली, तेव्हा गिऱ्हाईक मिळेना आणि बऱ्याचशा कंपनीकडे परत पाठवाव्या लागल्या. ज्यांना दुकानात कोणी हात लावला नाही, त्यांच्यासाठीच पुढे धनिकांत चढाओढ लागली. गाडी तीच, लोखंड तेच. मग वाढले ते काय? गाडीचा गुण वाढला नाही. ‘इतरांपाशी नाही’ हे सुख तेवढे वाढले. या सुखाला आम्ही पाप म्हणणार नाही. पण त्याला गुणग्राहकताही म्हणता येत नाही.

यातून दुसरा, अधिक कठीण प्रश्न निघतो. या गाड्या शर्यतीत पिटाळल्या गेल्या, त्यांची इंजिने फुटली, बदलली, पत्रे गंजले. तेव्हा खरी गाडी कोणती हे कसे ठरवायचे? बाजाराने त्यासाठी पुराव्याचे शास्त्रच उभारले आहे. इंजिनावर ठोकलेला क्रमांक गाडीच्या क्रमांकाशी जुळला पाहिजे. कारखान्यातला बांधणीचा कागद मिळाला पाहिजे, आणि तो कधी कधी मागच्या आसनाच्या स्प्रिंगांत दडलेला सापडतो. वकिली नजरेला हे सारे ओळखीचे वाटते. दस्तऐवज आहे, म्हणून दस्तऐवजाची बनावटही आहे. साध्या इंजिनाची स्वस्त गाडी घेऊन तिला हेमीचे रूप देणारे कारागीर तेथे आहेत, आणि नक्कल म्हणून नक्कल विकली तर त्यांत गैर काहीच नाही. गैर सुरू होते ते मौनापासून. आपल्या १८७२ च्या करार कायद्याचे १७ वे कलम म्हणते की केवळ मौन म्हणजे कपट नव्हे. मात्र बोलणे हे कर्तव्य असेल, किंवा मौनच बोलण्यासारखे होत असेल, तर ते कपट होय. विकणाऱ्याने भाव अकरांतल्या एकीचा घ्यायचा आणि बारावी कोठून आली याविषयी तोंड मिटून बसायचे, हे मौन आमच्या मते दुसऱ्या प्रकारचे आहे.

आणि जेथे कपट मुळीच नाही, तेथे काय? काही गाड्यांचा संपूर्ण सांगाडा आज नवा बनवून मिळतो. जुन्या गाडीतून क्रमांकाची पट्टी तेवढी उरली आणि बाकी सारे नवे घातले, तर ती तीच गाडी का? हा प्रश्न आपल्या वाचकांना परका नाही. सोळाव्या शतकात कुशस्थळीहून श्रीमंगेश आणि केळशीहून श्रीशांतादुर्गा नदीपार अंत्रूज महालात आली. आज आपण पाहतो ती देवळे नंतरच्या काळातली. तरी देवस्थान नवे झाले असे कोणी म्हणत नाही. जीर्णोद्धारात दगड बदलतो, सेवा खंडत नाही, आणि आपण सातत्य मोजतो ते सेवेने. गाडीची देवाशी तुलना करण्याचा हेतू अर्थातच नाही. परंतु केवळ पट्टी जपणाऱ्याने सातत्याचा पुरावा जपला, सातत्य नव्हे, एवढे म्हणावयास हरकत नसावी.

या दृष्टीने पाहता आम्हांस सर्वांत विचार करायला लावते ती १९६८ च्या ‘बुलिट’ चित्रपटातील फोर्ड मस्टँग. त्या वर्षी मस्टँग ३ लक्षांहून अधिक निघाल्या. संख्येने तिच्यात दुर्मिळ असे काहीच नव्हते. १९७४ मध्ये ती एका सामान्य कुटुंबाने विकत घेतली, आणि त्या घरची गृहिणी काही वर्षे ती घेऊन शाळेत शिकवायला जाई. १९७७ मध्ये नट स्टीव्ह मॅक्वीनने पत्र लिहून गाडी मागितली. कुटुंबाने दिली नाही. पुढे ती कित्येक वर्षे लोकांच्या नजरेआड राहिली आणि २०१८ साली पुन्हा जगापुढे आली. जानेवारी २०२० मध्ये ती ३४ लक्ष डॉलरांच्या बोलीला विकली गेली, तेव्हाही तिचा रंग उडालेलाच होता, आणि चित्रीकरणाचे कॅमेरे बसविण्यासाठी केलेल्या जोडणीच्या खुणा कोणी पुसल्या नव्हत्या.