फावल्या वेळातलं काम

आमच्या घरी गौरी-गणपतीला बाजारातली सजावट कधी आली नाही. आईनं क्रोशानं विणलेलं तोरण, गौरींच्या मागचा जाळीचा पडदा, पाटावरचा रुमाल आणि फळीची झालर. वर्षभर हे सगळं ट्रंकेत, कडुलिंबाच्या पाल्यात. श्रावण सरता सरता ते बाहेर निघायचं, रिठ्याच्या पाण्यात धुऊन, पेज लावून ताठ व्हायचं. दोन दिवस घराला भाताचा वास.

सुई म्हणजे सायकलची तार, टोक वाकवून घासलेली. साखळी, मुका खांब, खांब. एवढ्यावर कमळ उमटायचं, मोर उमटायचा. दिवसभर भांगलण करून आलेली आई रात्री कंदिलापाशी बसायची. मी म्हणायचो, “आई, दिवसभर वाकून आलीस, आता गप पड की.”

“तिथं लोकाच्या रानात वाकते रं. हितं माझी मी बसते.”

क्रोशात सुईवर एकच फास असतो. तो सोडून दोरा ओढला की सगळं सुटतं. एकदा मोराची मान जाड झाली म्हणून तीन रात्रींचं काम तिनं सर्रकन उसवलं, आणि वर हसत होती.

पुढं मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंच्या 1982 सालच्या पुस्तकाबद्दल वाचलं. आंध्रातल्या नरसापूर भागात हजारो बायका घरात बसून हीच क्रोशाची लेस विणायच्या. माल परदेशी जायचा. पण त्यांना कामकरी कुणी म्हणत नसे; त्या घरच्या बायका, आणि विणणं म्हणजे फावल्या वेळातलं काम. त्यामुळं मजुरीही नावापुरती. स्वेटर यंत्रावर निघतो, क्रोशा मात्र अजून हातानंच विणावा लागतो. म्हणजे बाजारात खऱ्या क्रोशाचं तोरण स्वस्त मिळालं, तर ते कुणाच्या तरी रात्रीतनं स्वस्त झालेलं असतं.

तीच सुई, तेच खांब. मग आईचा आनंद कुठनं आला? मायेनं केलं म्हणून, असं लोक म्हणतात. मला तो शब्द जरा संशयाचाच वाटतो. बाईचं काम फुकट घ्यायचं असलं की तोच पुढं येतो. मला वाटतं, फरक त्या मोराच्या मानेत आहे. नगावर पैसे मिळणारी बाई तीन रात्री उसवून हसू शकेल का?

पण आईच्या रात्री तरी फावल्या कुठं होत्या? त्या झोपेतनं कापलेल्या. खरा फावला वेळ वडिलांना होता, ओट्यावर पान जमवत बसायचे. हे बोललो तर आई म्हणाली, “तुझा बाप इणाय बसला असता, तर गौरीम्होरं पोतं टांगावं लागलं असतं.”

परवा पुण्याच्या एक बाई दर्शनाला आल्या. तोरण फार आवडलं त्यांना. असली दहा करून द्याल का, म्हणाल्या. “तुमचा वेळही जाईल मावशी.”

आईनं बोटं मोजली. “एकाला आठ राती. भांगलणीच्या निम्म्या रोजानं धरा, दोरा येगळा.”

बाई हसल्या. प्रसाद घेतला आणि मखरावर वीज कुठनं आणली ते विचारत बाहेर पडल्या.