डोळस वाघूळ, अंधारातली पाकोळी

वटवाघळाला दिसत नाही, असं आपण लहानपणापासून ऐकतो. गावाबाहेरच्या वडा-पिंपळावर दिवसभर उलटी लटकणारी मोठी फळखाऊ वाघळं मात्र डोळ्यांच्याच भरवशावर जगतात. तिन्हीसांजेला मीटरभराहून रुंद पंख पसरून ती निघतात, नजरेने वाट काढत आणि नाकाने पिकलं फळ हुंगत. प्रतिध्वनी ऐकून अंधारात वावरण्याची विद्या सगळ्या वाघळांच्या नावावर जमा आहे, पण या मंडळींना ती येतच नाही. कीटक खाणाऱ्या लहान जातींना ती येते.

आणि एका पाखरालाही येते. वेंगुर्ल्यासमोर समुद्रात खडकाळ बेटं आहेत. तिथल्या गुहांत भारतीय पाकोळी लाळेने चिकटवून घरटी बांधते. दिवसभर उघड्या आभाळात ती डोळ्यांनीच किडे टिपते. गुहेच्या मिट्ट काळोखात शिरली, की टकटक आवाज करत, भिंतींवरून परतणारा नाद ऐकत नेमकी आपल्या घरट्याशी पोचते. लहान वाघळांचा आवाज आपल्या कानांना कळत नाही. तो पकडायला अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ डोनाल्ड ग्रिफिन यांना १९३८मध्ये खास यंत्र वापरावं लागलं. पाकोळीची टकटक आपल्यालाही सहज ऐकू येते. तिची विद्या तशी जाडीभरडीच. भिंत चुकवायला पुरते, डास पकडण्याइतकी बारीक नाही.

तरीही पाकोळी आपल्याला गोजिरी वाटते आणि वाघूळ अशुभ. त्या गोजिरेपणाचा तिला उपयोग किती, हा प्रश्नच आहे, कारण परदेशातल्या सूपासाठी तिची घरटी चोरली गेलीच. वाघळाच्या वाट्याला मात्र कायद्यानेही तिरस्कारच आला. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने फळखाऊ वाघळांना उंदीर-कावळ्यांसोबत उपद्रवी प्राण्यांत बसवलं. रात्रभर वड-उंबराच्या बिया दूरवर टाकत फिरणाऱ्या प्राण्याची ही किंमत! मादी वर्षाला बहुधा एकच पिल्लू देते आणि पोटाशी धरून त्याला दूध पाजते. त्यामुळे एखादी वस्ती मोडली, तर ती भरून यायला फार वर्षं लागतात.

उपद्रवींची ती यादी २०२२च्या दुरुस्तीने रद्द झाली. तुमच्या गावात वाघळांचं झाड असेल, तर यंदाच्या दिवाळीत त्याच्याखाली तेवढे फटाके लावू नका.