'डिस्को डान्सर'मधली गंभीर माणसं

'डिस्को डान्सर'च्या चाहत्यांची चर्चा नाचापासून सुरू होते आणि पाहता पाहता श्रेयनामावलीवर येते. मिथुनचा चमचमता पोशाख, बप्पी लाहिरींचं संगीत यांवर बोलून झालं की कुणीतरी हमखास विचारतं, "अरे, यात ओम पुरी होता?" होता. रस्त्यावर नाचणाऱ्या अनिलला, म्हणजे मिथुनला, हेरून त्याचा 'जिमी' करणारा मॅनेजर डेव्हिड ब्राऊन तोच. या प्रश्नातलं आश्चर्य मला समजतं. त्यापाठोपाठ जो निकाल दिला जातो तो मात्र पटत नाही. असल्या भडक सिनेमात एवढा मोठा नट वाया गेला, असा तो निकाल.

बी. सुभाष यांचा हा चित्रपट १९८२चा. त्याआधी दोन वर्षं ओम पुरी 'आक्रोश'मधला मुका झालेला लहान्या भिकू होता, आणि पुढच्याच वर्षी 'अर्धसत्य'मधला अनंत वेलणकर. दोन्ही पटकथा विजय तेंडुलकरांच्या. ओम पुरीची सुरुवातच १९७६च्या मराठी 'घाशीराम कोतवाल' चित्रपटातल्या घाशीरामापासून झाली होती. जिमीच्या आईवर चोरीचा आळ आणणारा धनिक ओबेरॉय म्हणजे ओम शिवपुरी. मोहन राकेशांचं 'आधे अधूरे' त्यांनी दिल्लीत उभं केलं, त्यातल्या अनेक पुरुषांच्या भूमिका एकट्याने केल्या, तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' हिंदी रंगभूमीवर नेण्यातही त्यांचा वाटा होता. म्हणजे तेंडुलकरांशी नातं असलेले दोन नट या डिस्कोच्या झगमगाटात वावरत आहेत. आणि लेखन कुणाचं? 'आधा गाँव'सारखी कादंबरी लिहिणाऱ्या राही मासूम रझांचं.

ही माणसं पैशासाठी आली असं म्हटलं जातं. असेलही. समांतर सिनेमावर घर चालत नव्हतं, हे त्या पिढीतल्या नटांनी लपवलेलं नाही. पण पैशामुळे नट सेटवर का आला एवढंच कळतं. कॅमेऱ्यासमोर त्याने काय केलं, ते पडद्यावरच बघावं लागतं. ओम पुरीचा डेव्हिड ब्राऊन बघा. "मी इथला नव्हे" असं प्रेक्षकाला खुणावणारी एकही नजर त्याच्याकडे नाही. जिमीवर त्याचा विश्वास आहे, म्हणून आपलाही बसतो.

सर्वांत जास्त बोलायला हवं ते गीता सिद्धार्थबद्दल, आणि तिच्याबद्दलच सर्वांत कमी बोललं जातं. १९७३च्या 'गर्म हवा'मध्ये ती फाळणीनंतरच्या आग्र्यातली आमिना होती. दोन वेळा लग्नाची आशा मोडलेली आणि शेवटी स्वतःचा जीव घेणारी. नऊ वर्षांनी ती इथे नायकाची आई झाली आहे. तरुण अभिनेत्रींना इतक्या लवकर आईच्या भूमिकेत ढकलणाऱ्या धंद्याचा मला राग येतो, आजही. पण भूमिका मिळाल्यावर तिने जे केलं त्याने हा चित्रपट तोलून धरला आहे. जिमीला मारण्यासाठी गिटारमध्ये विजेचा प्रवाह सोडलेला असतो आणि ती गिटार आई आधी पकडते. कल्पना कागदावर वाचली तर हसू येईल, आणि या प्रसंगाला हसणारे आहेतच. तिथे अभिनेत्रीने क्षणभर जरी हात आखडता घेतला असता, तर पुढे जिमीला गिटारची बसणारी दहशत, त्याचं रंगमंचावर कोसळणं, सगळंच फोल ठरलं असतं. गीता सिद्धार्थने तो मृत्यू आमिनाच्या मृत्यूइतकाच खरा मानला. भडक सिनेमाला लागतो तो हाच खरेपणा. संयत चित्रपटात नटाला पटकथेचा आधार असतो. इथे तर्क त्याच्या बाजूने नसतो आणि प्रसंग निव्वळ निष्ठेवर पार पाडावा लागतो. ते काम हलकं समजणाऱ्यांनी एकदा करून पाहावं.

मिथुनच्या बाबतीतही हीच गफलत होते. मृणाल सेनांच्या 'मृगया'तला, पहिल्याच चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारा नट वेगळा आणि जिमी वेगळा, अशी वाटणी केली जाते. माणूस एकच आहे, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकून आलेला. त्याच्या जिमीत अपमान गिळलेल्या पोराचा जो ताठा आहे, तो नुसत्या नाचातून येत नाही. सोव्हिएत संघात या चित्रपटाची सहा कोटींवर तिकिटं खपली. तिथल्या प्रेक्षकाला मुंबईचा फुटपाथ ठाऊक नव्हता आणि हिंदीही येत नव्हती. आईच्या अपमानाची भरपाई मागणारा मुलगा मात्र त्याला कळला.

चाहत्यांच्या चर्चेत नायिका किमची थट्टा होते, तेव्हा मला तिची बाजू घ्यावीशी वाटते. लेखनाने तिच्या रीटाला फारसं काही दिलेलं नाही, हे खरं. पण खचलेल्या जिमीला उठवण्यासाठी 'जिमी जिमी' गाण्याची जबाबदारी तिच्यावर आहे. पार्वती खान यांचा आवाज आणि किमचा चेहरा मिळून ती विनवणी उभी राहते. मग राजेश खन्ना येतो, जिमीला लहानपणी गाणं शिकवणारा राजू, आणि त्याच्यासाठी जीव देतो. टाळ्या त्याला मिळतात. त्याआधीची ती काही मिनिटं, समोर नायक दगडासारखा बसलेला असताना, किमने एकटीने पेलली आहेत. पुढच्या वेळी कलाकारांची यादी कुणी काढलीच, तर तिचं नाव घेताना हे गाणं पुन्हा पूर्ण पाहावं, मधेच पुढे ढकलू नये.