वेगळे भांडे

दोडामार्ग हे सरहद्दीवरचे गाव. अलीकडे सिंधुदुर्ग जिल्हा, पलीकडे गोव्याचा डिचोली तालुका. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत ही सरहद्द भारत आणि पोर्तुगीज सत्ता यांच्यामधली होती. त्यानंतर ती दोन प्रांतांमधली झाली. १९९९ मध्ये सावंतवाडी तालुक्यातून दोडामार्ग हा स्वतंत्र तालुका निघाला. सत्ता बदलल्या, कचेऱ्या बदलल्या. मात्र बाजार, बोली आणि सणावाराची ताटे यांची ये-जा या मुलखात जुनीच आहे. चतुर्थीला मोदक-नेवऱ्यांचे झाकलेले ताट ख्रिस्ती शेजाऱ्याच्या घरी येते. नाताळात दोदोल, कुलकुल आणि पुन्हा नेवऱ्याच, असे ताट हिंदू शेजाऱ्याच्या घरी जाते. गोव्याकडे नाताळच्या या ताटाला 'कोन्सुआद' असे पोर्तुगीज नाव आहे. त्या ताटातला नारळ, गूळ आणि तांदूळ मात्र इथल्याच मातीचा.

पातोळ्यांचे उदाहरण घ्यावे. श्रावणात हळदीची पाने रुंद होतात. त्या पानांवर तांदळाचे पीठ थापून, आत ओले खोबरे व गूळ भरून वाफवलेल्या पातोळ्या हिंदू घरांत नागपंचमीला होतात, आणि गोव्याच्या ख्रिस्ती घरांत पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाला, १५ ऑगस्टला. पान एक, ऋतू एक, प्रार्थना दोन. असे पाहिले म्हणजे मन प्रसन्न होते आणि 'अन्न माणसांना जोडते' असे म्हणून आपण मोकळे होतो.

परंतु ज्या गोष्टी शेजारच्या दारापर्यंत सहज जातात त्यांकडे जरा नीट पाहावे, असे आम्हांस वाटते. त्या बहुधा गोड असतात आणि बऱ्याचशा टिकाऊ. त्या घेण्यासाठी कोणाला कोणाच्या घरात बसावे लागत नाही. मुलाच्या हाती ताट धाडता येते, उंबऱ्यावरच ते रिकामे करून परत देता येते. ताट उंबरठ्यापर्यंत जाते; पंगतीला माणसालाच जावे लागते. पंगत मांडली की प्रश्न सुरू होतात. डुकराच्या मांसाचे सोरपोतेल ज्या चुलीवर शिजले, त्याच चुलीवरची कोंबडी हिंदू पाहुण्याला चालेल काय? श्रावण पाळणाऱ्या मित्राला आपल्या घरच्या लग्नात काय वाढावे? चतुर्थीला गेलेल्या ख्रिस्ती पाहुण्याने देवापुढचा नैवेद्य घ्यावा काय? या प्रश्नांना कोकणातील गृहिणींनी एक साधे उत्तर शोधले आहे. त्या पाहुण्यासाठी एक भांडे वेगळे ठेवतात. या वेगळ्या भांड्याचा नैतिक अर्थ काय, एवढाच आमच्या चिंतनाचा विषय आहे.

वेगळे भांडे हा शब्द आपल्या देशात निष्पाप नाही. अस्पृश्य मानलेल्यांसाठी चहाच्या दुकानाबाहेर ठेवलेली वेगळी कपबशी हेही वेगळे भांडेच होते. रोटीबंदी आणि बेटीबंदी या दोन भिंतींवर जातिसंस्था उभी राहिली. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानानंतर मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक हे दोघेही तेथे होते. कोणी चहा घेतला, कोणी केवळ शिष्टाचार म्हणून पेला हाती धरला. पण उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापून आली आणि पुण्यात मोठे वादळ उठले. प्रकरण शंकराचार्यांच्या पीठापर्यंत गेले, आणि १८९२ मध्ये रानड्यांसारख्या सुधारकानेही प्रायश्चित्त घेतले. ख्रिस्ती माणसाच्या हातच्या एका पेल्याची ही किंमत होती.

हा दोष दुसऱ्यांच्या पदरी टाकून आपल्याला मात्र मोकळे होता येत नाही. १७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने काढलेल्या फर्मानात नवख्रिस्त्यांना अनेक जुन्या चालींची बंदी केली होती. त्यांत एक बंदी अशी, की हिंदूंप्रमाणे अळणी भात शिजवून मीठ मागाहून घेऊ नये. अ. का. प्रियोळकर यांनी १९६१ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात ही हकीकत नोंदवली आहे. भातात मीठ केव्हा घालावे यावर धर्म ठरवणारी सत्ता आणि चहाच्या पेल्यावर धर्म ठरवणारा समाज, यांच्यात आम्हांस फारसा फरक दिसत नाही. दोघांनीही अन्नाची कुंपणे केली. शिवाय बामण, चारडे, सुदीर हे भेद बाप्तिस्म्याच्या पाण्याने धुऊन गेले नाहीत, ही गोष्ट गोव्याचा व कोकणाचा ख्रिस्ती समाज जाणतो.

मग वेगळे भांडे फेकूनच द्यावे काय? काही प्रामाणिक माणसे असेच म्हणतील. एकच हंडी, एकच पंगत, ज्याला यायचे त्याने यावे. सवलत दिली की भेद टिकतो, हा त्यांचा युक्तिवाद. त्यात तथ्य आहे. तरीही संत पौलाच्या चरित्रातील दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहिले म्हणजे हा युक्तिवाद अपुरा वाटू लागतो. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीय बंधूंबरोबर जेवत असे. यरुशलेमहून काही मंडळी आली, तेव्हा त्यांच्या भयाने तो पंगतीतून उठून वेगळा झाला, आणि पौलाने त्याला सर्वांसमक्ष खडसावले. हाच पौल करिंथकरांना वेगळेच सांगतो. मूर्ती ही काहीच नव्हे, तेव्हा तिच्यापुढचे मांस खाल्ल्याने काही बिघडत नाही, हे त्याला मान्य आहे. तरीही त्या खाण्याने भावाच्या विवेकाला ठेच लागत असेल तर आपण मांसाला कधीही शिवणार नाही, अशी त्याची तयारी आहे.

एकाच माणसाच्या या दोन भूमिका परस्परविरोधी नाहीत. पेत्र वेगळा झाला तो स्वतःचा लौकिक सांभाळण्यासाठी. पौल वर्ज्य करायला तयार झाला तो दुसऱ्याचे मन सांभाळण्यासाठी. भांडे तेच, पण ते कोणासाठी वेगळे केले हा खरा प्रश्न आहे. चहावाल्याची वेगळी कपबशी मालकाच्या शुद्धीसाठी होती आणि ती पिणाऱ्यावर लादलेली होती. नाताळच्या दिवशी ख्रिस्ती गृहिणी पाहुण्यासाठी वेगळ्या पातेल्यात, वेगळ्या डावाने वाटाण्याची उसळ करते ती पाहुण्याच्या व्रतासाठी. पहिल्या भांड्याने माणूस पंगतीबाहेर गेला. दुसऱ्यामुळे तो पंगतीत येऊ शकला. म्हणून आमच्या मते याची कसोटी दुहेरी आहे. वेगळे ठेवण्याची इच्छा कोणाची, हे पाहावे. आणि जेवताना दोघे एकमेकांशेजारी बसले काय, हेही पाहावे. भांडे वेगळे आणि पाट शेजारी, ही प्रीती होय. भांडेही वेगळे आणि पाटही वेगळा, हा जुनाच भेद.

लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण या ठिकाणी आठवते. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या, तरी काही काळ त्यांनी आपले सोवळे आणि स्वयंपाक वेगळा राखला. ते सोवळे सुटले ते सक्तीने नव्हे. जातिभेद देवाने केला की माणसाने, याचा विचार करता करता त्यांच्या मनातूनच ते गळून पडले, आणि बाप्तिस्मा त्यानंतर झाला. वेगळ्या चुलीला जागा देणारे घर एक दिवस एका चुलीचे झाले. हंडी आधीच एक करण्याचा हट्ट धरला असता, तर ते घडले असते काय, याचा वाचकांनी विचार करावा.

येथवर आम्ही यजमानाचे कर्तव्य पाहिले. पाहुण्याचे कर्तव्य याहून कठीण आहे. देणाऱ्याचा हात वर असतो. घेणाऱ्याला हात पसरावा लागतो. सणाला गावभर ताटे वाटणारे घर उदार म्हणून नावाजले जाते, पण त्या घरातली माणसे दुसऱ्याच्या पंगतीला कधी बसतच नसतील तर त्या उदारपणात थोडा अहंकार दडलेला असतो. प्रभू येशूने याबाबत घालून दिलेला धडा विहिरीकाठचा आहे. शोमरोनी स्त्रीला जीवनाच्या पाण्याविषयी सांगण्याआधी त्याने तिच्याकडे प्यायला पाणी मागितले. यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवीत नसत, आणि त्याच्याजवळ पोहरा नव्हता. म्हणजे पाणी प्यायचे तर तिच्याच भांड्यातून प्यावे लागणार होते. देण्यासाठी आलेल्याने आधी मागितले. मागण्याने ती स्त्री त्याच्या बरोबरीला आली, आणि पुढचा सारा संवाद या बरोबरीतून झाला.

या प्रकाशात चतुर्थीच्या पाहुणचाराकडे पाहावे. मित्राने बोलावले असता ख्रिस्ती माणसाने जावे, माटोळीखालच्या मूर्तीसमोर बसलेल्या त्या कुटुंबाच्या आनंदात सहभागी व्हावे, त्याच्या पानावर जेवावे. अविश्वासी माणसाने बोलावले तर पुढे येईल ते चौकशी न करता खावे, असे पौलानेच सांगितले आहे. देवाला अर्पण केलेला प्रसाद हा मात्र वेगळा प्रश्न आहे. आणि तो अर्पिलेला आहे असे कोणी सांगितले तर न खाण्याचा सल्लाही त्याच पत्रात आहे. ज्याच्या विवेकाला तो घेणे पटत नाही, त्याने हात जोडून तसे सरळ सांगावे. कोकणातला कोणताही भला यजमान यावर रागावणार नाही, कारण व्रत म्हणजे काय हे त्याला आपल्याइतकेच ठाऊक असते. हसतमुखाने प्रसाद घ्यायचा आणि वाटेत टाकून द्यायचा, यात मात्र दोन्ही धर्मांचा अपमान होतो. त्याचप्रमाणे आपल्या घरी आलेला एखादा हिंदू वृद्ध केवळ शहाळ्याचे पाणी घेऊन बसला, तर त्याने आपला पाहुणचार नाकारला असे समजू नये. तो आला आणि बसला. आज त्याला एवढेच शक्य होते. रोमहून १९९१ साली निघालेल्या 'संवाद आणि उद्घोषणा' या दस्तऐवजात आंतरधर्मीय संवादाचे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांत जीवनाचा संवाद हाही एक प्रकार आहे, म्हणजे शेजाऱ्यांनी एकमेकांची सुखदुःखे वाटून घेणे. त्यासाठी पांडित्य लागत नाही. दुसऱ्याच्या घरी बसण्याची तयारी लागते.

दोडामार्गात या विषयाला आणखी एक बाजू आहे. येथील डोंगरउतारांवर केरळहून आलेल्यांनी रबराचे आणि अननसाचे मळे केले आहेत. त्यांत सिरियन ख्रिस्ती परंपरेतील कुटुंबेही आहेत. त्यांचा ख्रिस्त आपलाच, पण भाषा, उपासनाविधी आणि स्वयंपाकघर निराळे. त्यांच्यातील काही जण नाताळपूर्वी पंचवीस दिवस मांसमत्स्य वर्ज्य करतात आणि नाताळच्या सकाळी अप्पम व स्ट्यू यांनी उपवास सोडतात. म्हणजे आगमनकाळात त्यांना जेवायला बोलवायचे, तर श्रावणातल्या हिंदू मित्रासारखेच त्यांच्यासाठीही भांडे वेगळे ठेवावे लागेल. परका म्हणजे परधर्मी, हे आपले समीकरण येथे कोलमडते. एकाच वेदीचे वाटेकरी असूनही ज्यांच्या घरी आपण कधी जेवलो नाही अशी माणसे पुष्कळ असतात. त्याच मळ्यांत राबणाऱ्या मजुरांना तर कोणाच्याच ताटाची वाट नसते. मेजवानीला परतफेड करू शकणाऱ्यांना न बोलावता, न करू शकणाऱ्यांना बोलवावे, ही लूकच्या शुभवर्तमानातली शिकवण आपण ऐकतो, आणि ताटे मात्र ताटे परत येतील अशाच घरी धाडतो.

अलीकडे सणाची ताटेही बदलली आहेत. फराळ बाजारातून येतो, खोक्यात भरून जातो, आणि ते खोके परत करण्याचेही कारण उरत नाही. पूर्वी रिकामे ताट परत करताना त्यात चिमूटभर साखर तरी घालीत, आणि त्या निमित्ताने दोन शब्द बोलले जात. ही सोय आम्ही निंद्य मानीत नाही; कामाला गोव्यात जाऊन रात्री परतणाऱ्यांना ती हवीच आहे. परंतु जेथे ताटाची ये-जा इतकी सोपी झाली, तेथे पंगतीची निकड वाढली, असे आमचे मत आहे. वर्षातून एका सणाला एका परक्या घराला आपल्या पाटावर बोलवावे, त्याच्यासाठी लागेल ते भांडे आनंदाने वेगळे ठेवावे, आणि त्याच वर्षी त्याच्या सणाला, न संकोचता, त्याच्या पाटावर जाऊन बसावे. यातला दुसरा भाग अवघड आहे, म्हणून तो आधी करावा.