गाभाऱ्याबाहेरून

एखादी गोष्ट मनापासून आवडते, एवढ्यावरून ती जवळून पाहण्याचा हक्क आपल्याला मिळतो का? लखनौच्या अलीगंजात, समुद्रापासून शेकडो कोस दूर, आमच्या मराठी घरात सध्या हा वाद रंगला आहे. येत्या हिवाळ्यात ज्वालामुखीची बेटे आणि तिथले पक्षी पाहायला बोटीने जायचे, असा बेत पुण्याच्या भाच्याने आखला आहे. आधी त्याच्या मनात गालापागोस होते. खर्चाचा आकडा पाहिल्यावर तो अंदमानवर आला : बॅरन आणि नारकोंडम.

अलीगंज या बेटांना अगदीच परके नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे उत्तर विभागाचे कार्यालय इथेच आहे आणि या दोन ज्वालामुखींवरचा एफ. आर. मॅलेट यांचा सविस्तर अभ्यास याच संस्थेने १८८५ च्या सुमारास छापला.

भाच्याचे म्हणणे सरळ आहे. ‘मावशी, माणूस जे पाहतो तेच जपतो.’ पुरावा म्हणून तो गालापागोसकडेच बोट दाखवतो. तिथे एका जहाजावर शंभरापेक्षा जास्त प्रवासी नेता येत नाहीत, परवानाधारक वाटाड्याशिवाय राष्ट्रीय उद्यानात बहुतेक ठिकाणी फिरता येत नाही आणि २०२४ पासून बहुतेक परदेशी पाहुण्यांना दोनशे डॉलर प्रवेशशुल्क पडते. या पैशातून राखण होते. हे मी नाकारत नाही. पाहुण्यांनी घराचे भाडे भरावे, यात गैर काही नाही.

पण नारकोंडमचे गणित वेगळे आहे. हे बेट जेमतेम सात चौरस किलोमीटरचे. तिथला धनेश जगात दुसरीकडे कुठेच नाही, आणि तिथेही तो हजाराच्या आसपासच. एकदा पोलीस चौकीबरोबर बेटावर शेळ्या गेल्या. त्या मोकाट वाढल्या, झाडांची रोपे खाऊ लागल्या आणि अखेर त्यांना तिथून हलवावे लागले. शेळ्या नेणाऱ्यांचा पक्ष्यावर राग नव्हता. त्यांना दूध आणि मटण हवे असेल, इतकेच. लहान जागी वाईट हेतूची गरजच पडत नाही, पाऊल पडले की पुरते. तटरक्षक दलाला तिथे रडार बसवायचे होते. २०१२ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने या पक्ष्यासाठी त्याला नकार दिला. २०१४ मध्ये परवानगी मिळाली. देशाच्या संरक्षणाच्या कामालाही जिथे दारात थांबावे लागले, तिथे माझ्या हौसेचे वजन ते किती?

माझे उत्तर देवळाच्या भाषेत येते. ज्येष्ठातल्या ‘बडा मंगल’ला अलीगंजच्या जुन्या हनुमान मंदिराकडे एवढी गर्दी लोटते की कित्येकजण रस्त्यावरूनच हात जोडतात. आपल्याकडेही कळसाचे दर्शन पुरेसे मानतात. मग बेटाला दुरून नमस्कार का चालू नये?

इथे मात्र मलाच अडखळायला होते. कळसावर समाधान माना, हे आपण कोणाकोणाला सांगितले आहे? चोखोबांना पायरीपाशी ठेवणारा समाज हाच. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना पंढरपुरात उपोषण करावे लागले, ते या बंद दारासाठीच. ‘बाहेरून पाहा’ हा उपदेश आपल्या तोंडी निर्मळ राहिलेला नाही. उद्या नारकोंडमचे दार पैसेवाल्यांना किलकिले झाले आणि बाकीच्यांना संयमाचे धडे मिळाले, तर तो जुनाच अन्याय.

म्हणून दार कोणासाठी बंद आहे, हे पाहिले पाहिजे. पंढरपूरचे दार माणसांनी माणसांविरुद्ध लावले होते. आत शिरल्याने कोणाचे घर मोडणार नव्हते, उलट घर सगळ्यांचे होणार होते. नारकोंडमला आत कोणीतरी राहते. धनेशाची मादी विणीच्या काळात झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचे तोंड आतून लिंपून घेते. एक फट उरते, तिच्यातून नर तिला भरवतो. बंद दारावर तिच्या पिलांचा जीव आहे. असे दार गरिबाला आणि श्रीमंताला सारखेच बंद राहिले, तर त्याला अन्याय म्हणता येणार नाही.

उरले बॅरन. दक्षिण आशियातला हा एकमेव जागृत ज्वालामुखी, दीर्घ काळ शांत राहून १९९१ मध्ये पुन्हा पेटलेला. परवानगीने तिथे बोट जाते, बेटाभोवती फिरते, पण किनाऱ्यावर उतरायचे नसते. ही प्रदक्षिणाच झाली. भाच्याला मी तेवढीच सुचवली आहे, आणि नारकोंडम यादीतून काढायला सांगितले आहे.

‘मग तो धनेश तू कधीच पाहणार नाहीस,’ तो म्हणाला.

नाही पाहणार. मी पाहिले काय, न पाहिले काय, त्याला फरक पडत नाही. त्याचे असणे माझ्या पाहण्यावर अवलंबून नाही, याचाच मला आनंद आहे.